कर्म आणि पुनर्जन्म दोन्हीकडे आहेत, मग हिंदू आणि बौद्ध विचारांत फरक कुठे पडतो?

तुम्ही विचारले आहे, की बौद्ध धर्म ही हिंदू धर्मातून निघालेली एक सुधारणावादी शाखा समजावी, की आरंभापासूनचा स्वतंत्र धर्म. आणि कर्म, पुनर्जन्म, संसारातून सुटका, ध्यान, अहिंसा हे सारे दोन्हीकडे सापडत असताना वेगळेपण नेमके कोणत्या गोष्टीत आहे. पाली आणि संस्कृत ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून शिकवणे हे माझे काम असल्यामुळे हा प्रश्न प्रत्येक नव्या वर्गात या ना त्या रूपात समोर येतो. बहुतेक वेळा विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते. तुमच्या लिहिण्यावरून तसे वाटले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. पहिला इतिहासाचा आहे: कोण आधी, कोण नंतर, आणि कोणी कोणाकडून काय घेतले. दुसरा सिद्धान्ताचा आहे: माणूस म्हणजे काय, तो दुःखात का आहे आणि त्यातून सुटायचे म्हणजे काय करायचे, याविषयी दोघे काय म्हणतात. तिसरा आजच्या ओळखीचा आहे: स्वतःला हिंदू किंवा बौद्ध म्हणवणारा माणूस त्यातून काय सांगू पाहतो. या तिन्हींची उत्तरे एकमेकांशी जुळलीच पाहिजेत असे नाही. इतिहासात जवळचे नाते असूनही सिद्धान्त टोकाचे वेगळे असू शकतात, आणि सिद्धान्तात साम्य असूनही सामाजिक ओळख पूर्णपणे निराळी असू शकते. बहुतेक वाद पेटतात ते यांपैकी एकाचे उत्तर दुसऱ्याच्या प्रश्नाला दिल्यामुळे.

उत्तर कशावर अवलंबून आहे, तेही आधीच सांगितले पाहिजे. ‘हिंदू धर्म’ म्हणताना तुम्ही यज्ञप्रधान वैदिक धर्म डोळ्यांसमोर ठेवता, उपनिषदांचे आत्मज्ञान ठेवता, की विष्णू, शिव आणि देवी यांची भक्ती ठेवता, यावर तुलना पार बदलते. पूर्वमीमांसा हे वेदांना सर्वाधिक चिकटून राहणारे दर्शन जगाचा कर्ता असा ईश्वर मानत नाही. रामानुजांच्या विशिष्टाद्वैताचा तर ईश्वरावाचून विचारच करता येत नाही. आणि दोन्ही हिंदू परंपरेचीच दर्शने आहेत. बौद्धांकडेही हीच स्थिती आहे. श्रीलंका, म्यानमार आणि थायलंड येथील थेरवाद, चीन आणि जपान येथील अमिताभ बुद्धाची उपासना आणि तिबेटचे वज्रयान यांना एका वाक्यात बसवू पाहिले, तर ते वाक्य पोकळच राहणार. म्हणून मी वर्गात नेहमी दोन टोके आधी निश्चित करतो: एका बाजूला बृहदारण्यक आणि छांदोग्य ही सर्वांत जुनी मानली जाणारी उपनिषदे, आणि दुसऱ्या बाजूला पाली निकायांतील, म्हणजे बुद्धाच्या उपदेशांच्या पाली संग्रहांतील, सुत्ते. या दोहोंतले अंतर कळले, की पुढच्या काळातील गुंतागुंत पेलता येते.

प्रथम उगमाकडे वळू. ऋग्वेदाची रचना साधारणपणे इ. स. पू. १५०० ते १००० या काळातील मानली जाते आणि तिचा भूगोल मुख्यतः सप्तसिंधूचा, म्हणजे वायव्येकडचा आहे. त्यानंतरच्या काही शतकांत वैदिक संस्कृती पूर्वेकडे सरकत कुरु-पांचालांतून कोसल आणि विदेहापर्यंत पोहोचली. याच पूर्वेकडच्या पट्ट्यात पुढे शहरे उभी राहिली, नाणी आली, मगधासारखी राज्ये आणि वज्जी, मल्ल, शाक्य यांच्यासारखे गणसंघ एकमेकांशी स्पर्धा करू लागले. याच पट्ट्यात घर सोडून भटकणाऱ्या श्रमणांचे अनेक संघ होते. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात मगधाचा राजा अजातशत्रू अशा सहा आचार्यांची मते बुद्धाला ऐकवतो. त्यांत नियतिवादी मक्खलि गोसाल आहे, मरणानंतर काहीच उरत नाही असे म्हणणारा अजित केसकंबली आहे, आणि निगंठ नातपुत्त म्हणजे जैनांचे महावीरही आहेत. बुद्ध अशा गजबजलेल्या वादभूमीत उभा होता. एकीकडे हिंदू धर्म आणि त्याविरुद्ध उठलेला एकटा बंडखोर, हे पाठ्यपुस्तकी चित्र त्या काळाला लागू पडत नाही.

उपनिषदेही या वादभूमीपासून दूर नाहीत. याज्ञवल्क्याचे प्रसिद्ध वाद विदेहाच्या जनकाच्या सभेत होतात, आणि विदेह म्हणजे वज्जींचाच प्रदेश. त्या सभेतील एक प्रसंग मी आवर्जून वाचायला देतो. बृहदारण्यकाच्या तिसऱ्या अध्यायात आर्तभाग याज्ञवल्क्याला विचारतो, की माणूस मेल्यावर त्याची वाणी अग्नीत, प्राण वायूत, डोळा सूर्यात विलीन होतो, तर मग हा पुरुष कुठे राहतो. याज्ञवल्क्य त्याचा हात धरतो आणि म्हणतो, की हे आपण दोघांनीच जाणायचे आहे, लोकांमध्ये नाही. दोघे बाजूला जाऊन बोलतात, आणि उपनिषद सांगते, की ते जे बोलले ते कर्माविषयी बोलले: पुण्यकर्माने माणूस पुण्यवान होतो, पापकर्माने पापी. ज्याला आज आपण भारतीय विचाराची सर्वांत सामान्य, घराघरांत माहीत असलेली कल्पना समजतो, ती येथे सभेत उघडपणे न बोलण्याची गोष्ट आहे. छांदोग्यात तर प्रवाहण जैवली हा क्षत्रिय राजा मरणोत्तर मार्गांची विद्या उद्दालक आरुणीला शिकवताना सांगतो, की तुझ्यापूर्वी ही विद्या ब्राह्मणांकडे गेलेली नाही.

यावरून दोन अनुमाने निघतात आणि अभ्यासक त्यांत विभागलेले आहेत. काहींच्या मते कर्म आणि पुनर्जन्म या कल्पना मुळात पूर्वेकडच्या श्रमण परंपरेच्या आणि वैदिकांनी त्या हळूहळू स्वीकारल्या. त्या प्रदेशाची संस्कृती वेगळी होती याचा पुरावा म्हणून शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातील एक उल्लेख दाखवला जातो: देवांना मानणारे लोक चौकोनी स्मशानवास्तू बांधतात आणि ‘प्राच्य’ म्हणजे पूर्वेकडचे आसुरी लोक गोल बांधतात. स्तूपाचा आकार आठवला, की हा उल्लेख विशेष बोलका वाटतो. दुसरा पक्ष म्हणतो, की ब्राह्मणग्रंथांतील पुनर्मृत्यूच्या, म्हणजे परलोकातही पुन्हा मरण येण्याच्या, आणि यज्ञफलाच्या कल्पनांतूनच हा विचार क्रमाक्रमाने वाढला. माझा कल पहिल्या पक्षाकडे थोडा अधिक आहे; पण तुमच्या प्रश्नापुरते पाहिले तर कोणताही पक्ष खरा धरला तरी निष्कर्ष तोच राहतो. कर्म आणि पुनर्जन्म ही त्या प्रदेशाची आणि काळाची सामाईक पुंजी होती. तेवढ्यावरून बौद्धांना हिंदूंची शाखा ठरवायचे, तर त्याच न्यायाने उपनिषदांना श्रमणांची शाखा ठरवता येईल.

बुद्धाच्या काळाबद्दलही एक खुलासा करतो. श्रीलंकेची परंपरा त्याचे महापरिनिर्वाण इ. स. पू. ५४४ मध्ये मानते. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांनी इ. स. पू. ४८३ च्या आसपासचा काळ धरला, तर अलीकडे इ. स. पू. ४०० च्या जवळचा काळ धरणारे बरेच आहेत. लुंबिनीचा अशोकस्तंभ मात्र निःसंदिग्ध आहे: येथे शाक्यमुनी बुद्ध जन्मले असे सांगून अशोकाने, राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी, त्या गावाचा ‘बली’ नावाचा कर माफ केल्याचे आणि भूमिकर आठव्या हिश्श्यावर आणल्याचे त्यावर कोरलेले आहे.

आता लक्षात घ्या, की बुद्धाच्या हयातीत देवळे नव्हती, पुराणे नव्हती, मनुस्मृती नव्हती, गीता आजच्या रूपात नव्हती, आणि विष्णू व शिव यांच्या भक्तीचे मोठे संप्रदाय अजून आकाराला यायचे होते. म्हणून ‘बौद्ध धर्म हिंदू धर्मातून निघाला’ हे विधान मला कालगणनेच्या दृष्टीनेच खटकते. पण ‘दोहोंचा काहीच संबंध नाही’ हेही तितकेच चूक आहे. सुत्तांमागून सुत्तांत बुद्ध ब्राह्मणांशी बोलतो, त्यांचे देव, त्यांचे यज्ञ आणि त्यांचे शब्द वापरून बोलतो. त्याचे दोन अग्रश्रावक म्हणजे प्रमुख शिष्य, सारिपुत्त आणि मोग्गल्लान, ब्राह्मण कुळांतले होते. बोधीपूर्वी ज्या आळार कालामाकडे तो ध्यान शिकला, त्याच्या तोंडी अश्वघोषाच्या बुद्धचरितात सांख्यासारखा सिद्धान्त आला आहे. वैदिक परंपरेवाचून बुद्ध समजत नाही, आणि बौद्धांवाचून पुढचा हिंदू धर्म समजत नाही, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

आता सिद्धान्ताकडे येऊ. माझ्या मते एकच जागा नीट पाहिली, की बाकीचे फरक तिच्यातून आपोआप उलगडतात. ती जागा म्हणजे आत्मा. मात्र ‘हिंदू आत्मा मानतात, बौद्ध मानत नाहीत’ एवढे पाठ करून काही हाती लागत नाही. दोघे ज्या रीतीने तिथवर पोहोचतात ती रीत पाहावी लागते, कारण ती चकित व्हावे इतकी सारखी आहे.

याज्ञवल्क्य काय करतो? आत्मा कोणता, असे विचारले की तो प्रत्येक दाखवता येणारी गोष्ट बाजूला काढतो. तो हे नाही, ते नाही: ‘स एष नेति नेत्यात्मा’. जे जे पाहता येते ते पाहणारा नव्हे. बृहदारण्यकाच्या अंतर्यामी ब्राह्मण नावाच्या भागात तो म्हणतो, की तो न दिसणारा द्रष्टा आहे, न ऐकू येणारा श्रोता आहे. त्याच्याहून वेगळा द्रष्टा नाही. मैत्रेयीला तो शेवटी विचारतो, ‘विज्ञातारम् अरे केन विजानीयात्’, जाणणाऱ्यालाच कशाने जाणावे? सगळे सोलून काढल्यावर जो सोलला जात नाही, जो विषय होऊच शकत नाही, तो आत्मा; आणि तोच ब्रह्म. उद्दालक श्वेतकेतूला ‘तत्त्वमसि’ म्हणतो ते याच अर्थाने.

आता सारनाथला पाच भिक्खूंना दिलेला दुसरा उपदेश, अनत्तलक्खणसुत्त, शेजारी ठेवा. बुद्धही सोलतोच. माणसाचे पाच खंध म्हणजे घटक आहेत: रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाची संवेदना), सञ्ञा (ओळखणे), सङ्खार (मनाचे संस्कार), विञ्ञाण (जाणीव). रूप जर आत्मा असते, तर त्याने पीडा दिली नसती, आणि ‘माझे रूप असे असो, असे नसो’ असे आपल्याला ठरवता आले असते. तसे होत नाही. मग तो विचारतो: रूप नित्य आहे की अनित्य? अनित्य. जे अनित्य ते सुख की दुःख? दुःख. जे अनित्य, दुःखरूप आणि बदलणारे आहे, त्याला ‘हे माझे, हा मी, हा माझा आत्मा’ असे समजणे योग्य आहे का? नाही. हीच तपासणी तो वेदनेला लावतो, सञ्ञेला लावतो, सङ्खारांना लावतो आणि शेवटी विञ्ञाणालाही, म्हणजे जाणिवेलाही लावतो.

फाटा फुटतो तो येथे. याज्ञवल्क्याची नकारांची मालिका जाणणाऱ्यापाशी थांबते. बुद्धाची मालिका जाणिवेलाही ओलांडून जाते. त्याच्या दृष्टीने जाणीव हीसुद्धा कारणांनी उपजणारी घटना आहे: डोळा आणि रूप एकत्र आले की चक्षुर्विज्ञान उपजते, कान आणि शब्द एकत्र आले की श्रोत्रविज्ञान. त्यामागे बसलेला, कधीही न बदलणारा साक्षी त्याला सापडत नाही. उलट असा कोणीतरी उरलाच पाहिजे हा आपला आग्रह त्याला तृष्णेचेच एक सूक्ष्म रूप वाटतो. उपनिषद म्हणते, की दुःख आहे ते खऱ्या आत्म्याला न ओळखल्यामुळे. सुत्ते म्हणतात, की दुःख आहे ते आत्मा म्हणून कशाला तरी धरून बसल्यामुळे. अलगद्दूपमसुत्तात ‘हे जग तोच आत्मा, मरणानंतर मी नित्य, ध्रुव, शाश्वत असा राहीन’ या मताचे जे खंडन आहे, त्यात उपनिषदांच्या भाषेचा पडसाद अनेक अभ्यासकांना ऐकू येतो, आणि मलाही येतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बुद्ध ‘आत्मा नाही’ असे सरसकट विधान करून मोकळा होत नाही. वच्छगोत्त नावाचा परिव्राजक त्याला थेट विचारतो, आत्मा आहे का. बुद्ध गप्प राहतो. मग नाही का, तरीही गप्प. तो निघून गेल्यावर आनंदाला बुद्ध कारण सांगतो, की ‘आहे’ म्हटले असते तर आत्मा नित्य मानणाऱ्या शाश्वतवाद्यांची बाजू घेतल्यासारखे झाले असते, ‘नाही’ म्हटले असते तर मरणाबरोबर सारे संपते म्हणणाऱ्या उच्छेदवाद्यांची. आणि आधीच गोंधळलेला वच्छगोत्त, काल होता तो आत्मा आज हरवला, असे समजून आणखी गोंधळला असता. म्हणजे अजित केसकंबलीचा जडवादही बुद्धाला नको आहे. नुसते अनात्मवाद हे नाव ऐकून बौद्धांना जडवादी ठरवणाऱ्यांनी हा संवाद एकदा वाचावा.

आत्म्याची ही जागा कळली, की पुनर्जन्माचा फरक सोपा होतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देही जुनी वस्त्रे टाकून नवी घालावीत तशी शरीरे बदलतो. बदलणारे शरीर, न बदलणारा देही. बौद्धांकडे बदलणाऱ्याच्या आत न बदलणारे असे काही ठेवलेले नाही. मज्झिमनिकायात साति नावाचा, कोळ्याच्या कुळातला भिक्खू म्हणतो, की माझ्या समजुतीप्रमाणे हेच विञ्ञाण, दुसरे नव्हे, जन्मोजन्मी फिरत राहते. बुद्ध त्याला सर्वांसमोर खडसावतो: असे मी कधी, कोणाला शिकवले? मग प्रवास कोणाचा होतो, ही शंका कोणालाही येईल, आणि मिलिंदपञ्हात राजा मिलिंद तीच शंका नागसेन या भिक्खूला विचारतो. नागसेनाचे उत्तर दिव्याचे आहे: रात्रीच्या पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच नाही, आणि वेगळीही नाही, एकीच्या आधाराने दुसरी आहे. हे उत्तर सर्व बौद्धांचे समाधान करू शकले, असे मात्र समजू नका. वात्सीपुत्रीय आणि सांमितीय हे निकाय, म्हणजे बौद्ध पंथ, खंधांपासून वेगळाही म्हणता येत नाही आणि अभिन्नही म्हणता येत नाही असा ‘पुद्गल’, म्हणजे व्यक्ती, मानत होते, आणि इतर बौद्ध निकायांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. कर्माचे फळ ज्याला मिळायचे तो कोण, ही अडचण खरीच आहे. न्याय आणि मीमांसा या दर्शनांच्या पंडितांनी बौद्धांना शतकानुशतके याच ठिकाणी कोंडीत पकडले.

कर्माविषयीही असेच. वैदिक परंपरेत कर्म म्हणजे आधी यज्ञकर्म: ते विधिवत केले, तर फळ देते. बुद्ध म्हणतो, ‘चेतनाहं भिक्खवे कम्मं वदामि’, चेतनेला म्हणजे हेतूला मी कर्म म्हणतो. कूटदंतसुत्तात मोठा पशुयज्ञ करू निघालेल्या ब्राह्मणाला तो यज्ञाचा अर्थच बदलून सांगतो: पशुहत्या नसलेला यज्ञ, त्याहून श्रेष्ठ दान, त्याहून श्रेष्ठ त्रिशरण, त्याहून श्रेष्ठ शील आणि ध्यान. हिंदू परंपरेतही हेतूला महत्त्व आले, गीतेचा निष्काम कर्मयोग त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. पण गीता त्याच वेळी ‘श्रेयान् स्वधर्मो विगुणः’ म्हणते, म्हणजे कोणते कर्म तुझे आहे हे वर्णाने ठरलेले असते. बौद्ध दृष्टीने सारख्या चेतनेचे कर्म सारखेच, करणारा कोणीही असो. आश्वलायन नावाच्या तरुण ब्राह्मणाला बुद्ध विचारतो, की उच्च कुळातल्याने चंदनाच्या लाकडाने पेटवलेला अग्नी आणि चांडाळाने एरंडाच्या लाकडाने पेटवलेला अग्नी यांच्या ज्वाळेत आणि उष्णतेत फरक असतो का. यवन आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास, आणि तेही बदलू शकतात, हे तो त्याच संवादात सांगतो. वर्ण ही सृष्टीची घडण नसून समाजाची रीत आहे, या अर्थाचा इतका मोकळा युक्तिवाद त्या काळच्या वाङ्मयात मला इतरत्र आढळलेला नाही. तरीही संघात प्रवेश घेतलेल्यांची जात सुटत असली, तरी घरात राहणाऱ्या उपासकांच्या समाजरचनेसाठी बुद्धाने पर्यायी कायदा घालून दिला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

प्रमाणाचा प्रश्न यालाच लागून येतो. वेद प्रमाण आहेत, हे षड्दर्शनांना म्हणजे सहा वैदिक दर्शनांना मान्य आहे, मग ईश्वराबद्दल त्यांचे मत काहीही असो. तेविज्जसुत्तात बुद्ध विचारतो, की ब्रह्माशी सायुज्याचा मार्ग सांगणाऱ्या त्रैविद्य म्हणजे तीन वेद जाणणाऱ्या ब्राह्मणांपैकी, किंवा त्यांच्या आचार्यांच्या आचार्यांपैकी, कोणी ब्रह्माला प्रत्यक्ष पाहिले आहे का. आणि नसेल, तर ही एकमेकांना धरून चाललेली आंधळ्यांची रांग नव्हे काय. देवांबद्दल फार लिहीत नाही, कारण हा फरक लोक समजतात तेवढा महत्त्वाचा नाही. सुत्तांत ब्रह्मा आहे, सक्क म्हणजे इंद्र आहे. ते बुद्धाला उपदेश करण्याची विनंती करतात, त्याचे ऐकतात, आणि स्वतःही जन्ममरणाच्या फेऱ्यात असतात. देव आहेत, पण मुक्तीच्या कामी ते उपयोगाचे नाहीत, एवढाच मुद्दा.

मोक्ष आणि निर्वाण एकच का, असेही तुम्ही विचारले आहे. अद्वैतात मोक्ष म्हणजे जे आधीपासून होते त्याची ओळख. वैष्णव परंपरांत भगवंताचे सान्निध्य. सांख्यात पुरुषाचे प्रकृतीपासून वेगळे होणे. निर्वाण म्हणजे तृष्णा, द्वेष आणि मोह यांचे विझणे. मुक्त पुरुष मरणानंतर कुठे जातो असे विचारल्यावर बुद्ध उलट विचारतो, की सरपण संपून विझलेला अग्नी पूर्वेला गेला की पश्चिमेला. दोन्हींकडे अंतिम अवस्था शब्दांपलीकडची म्हटली असली, तरी एकीकडे कोणीतरी मुक्त होतो आणि दुसरीकडे ‘कोणीतरी’ या धारणेपासून मुक्ती होते. गीतेत ‘ब्रह्मनिर्वाण’ हा शब्द दोन्ही जगांना जोडून वापरला आहे, आणि श्रमणांची भाषा तोवर सर्वांची झाली होती हे त्यातून दिसते.

इथवरचा सारांश एवढा: उगम शेजारशेजारचे, शब्दसंग्रह बराचसा सामाईक, आत्म्याच्या आणि वेदप्रामाण्याच्या प्रश्नावर मात्र दोघांची उत्तरे विरुद्ध. यापुढे जी हजार-दीड हजार वर्षे गेली, त्यांनी चित्र आणखी गुंतवले.

एकमेकांशी वाद घालताना दोघेही बदलले. दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकांच्या प्रमाणशास्त्राला, म्हणजे खरे ज्ञान कशाने मिळते याच्या विचाराला, उत्तर देता देता उद्योतकर, कुमारिल आणि उदयन या वैदिक पंडितांचे तर्क धारदार झाले. बौद्धांनीही तितक्याच ताकदीने ईश्वरसिद्धीचे खंडन लिहिले. शंकराचार्यांच्या गुरूंचे गुरू मानल्या जाणाऱ्या गौडपादाच्या मांडूक्यकारिकांत बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन आणि विज्ञानवाद (जाणीव हेच सत्य मानणारा बौद्ध पंथ) यांची भाषा इतकी उघड आहे, की पुढे शंकराचार्यांवर त्यांच्या विरोधकांनी ‘प्रच्छन्न बौद्ध’ असा शिक्का मारला. हा आरोप मला अर्धवट वाटतो, कारण ब्रह्मसूत्रभाष्यात आचार्य बौद्ध मतांचे खंडन करतात ते नेमके स्थिर साक्षीच्या बाजूने, म्हणजे याज्ञवल्क्य जिथे थांबला तिथेच उभे राहून. फाटा तोच राहिला.

सामान्य जीवनात ही रेषा एवढी ठळक नव्हती. नाशिकच्या लेण्यांतील गौतमी बलश्रीचा लेख पाहा. त्यात ती आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, ‘एकबम्हण’ म्हणजे अद्वितीय ब्राह्मण म्हणून आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबवणारा म्हणून कौतुक करते. आणि तोच लेख भदायनीय निकायाच्या बौद्ध भिक्खूंना लेणे दान दिल्याचे नोंदवतो. वर्णव्यवस्थेचा अभिमान आणि बौद्ध संघाला दान या दोन गोष्टी त्या राजमातेला विसंगत वाटल्या नाहीत. याउलट पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथात ज्यांचे वैर कायमचे आहे अशांच्या समासाला ‘श्रमणब्राह्मणम्’ हे उदाहरण आहे, तर अशोक आपल्या शिलालेखांत ब्राह्मण आणि श्रमण दोघांचा मान राखायला सांगतो. पंडितांचे वैर, राजाचे धोरण आणि दात्याची श्रद्धा या वेगवेगळ्या पातळ्या आहेत. त्यांपैकी एकच निवडून संपूर्ण इतिहास सांगणाऱ्याकडे मी साशंकतेने पाहतो.

पुराणांनी बुद्धाला विष्णूचा अवतार केले, तेही एकाच अर्थाने झाले नाही. विष्णुपुराणातील मायामोह, ज्यात बुद्धाचे रूप ओळखले जाते, असुरांना वेदमार्गापासून भ्रष्ट करण्यासाठी येतो. बारावे शतक येईपर्यंत गीतगोविंदाचा कवी जयदेव मात्र पशुहिंसेची निंदा करणारा करुणामय बुद्ध म्हणून त्याच अवताराला वंदन करतो. अवतार म्हणणे म्हणजे आदराने सामावून घेणे आणि त्याच वेळी त्याचे स्वतंत्र म्हणणे निष्प्रभ करणे, असे दोन्ही त्यात आहे.

तुमच्या तिसऱ्या, म्हणजे ओळखीच्या, उघडपणे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे सुरू होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मानणार नाही, ही त्यांपैकी एक. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्धा अँड हिज धम्मा’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्ये, आत्मा नसताना कर्म आणि पुनर्जन्म कसे, आणि भिक्खूचे प्रयोजन काय, हे प्रश्न नव्याने उभे केले आहेत. म्हणजे नागसेनाला विचारलेली शंका विसाव्या शतकात एका बौद्धानेच पुन्हा विचारली आणि तिचे सामाजिक न्यायाशी जोडलेले उत्तर दिले. हा नवयान बौद्ध धर्म थेरवादाच्या मोजपट्टीने मोजणे मला योग्य वाटत नाही.

राहता राहिला कायदा. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात शीख, जैन आणि बौद्ध यांचा समावेश ‘हिंदू’ या शब्दात केला आहे आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू होतो, हे दाखवून काही जण वाद संपवतात. ते स्पष्टीकरण त्या अनुच्छेदातील सामाजिक सुधारणा आणि हिंदू धर्मसंस्था सर्वांसाठी खुल्या करण्याच्या उपकलमापुरते आहे, आणि १९९३ मध्ये केंद्र सरकारने बौद्धांना स्वतंत्र अल्पसंख्याक समाज म्हणून अधिसूचितही केले आहे. कायद्याची सोय आणि धर्माचा सिद्धान्त यांची गल्लत तेथे करू नये.

तुम्हाला स्वतः वाचून ठरवायचे असेल, तर कोणाची तुलनात्मक पुस्तके आधी हातात घेऊ नका. बृहदारण्यकातील याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवाद आणि अनत्तलक्खणसुत्त, दोन्ही काही पानांचेच आहेत, एकाच बैठकीत वाचा. त्यानंतर गीतेचा दुसरा अध्याय आणि सातिची गोष्ट सांगणारे महातण्हासंखयसुत्त अशी दुसरी जोडी घ्या. वाचताना प्रत्येक ठिकाणी एवढेच विचारत राहा, की हा नकार कुठे थांबतो आणि तिथेच का थांबतो. त्यातून जी शंका येईल ती घेऊन पुन्हा विचारा. त्या वेळी मीमांसक आणि बौद्ध यांच्यातला प्रमाणांचा वाद सविस्तर घेता येईल, कारण तो येथे मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे.